दोराच्या रेषेत

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग नियंत्रण रेषेजवळच्या एका डोंगरी रस्त्यावर होती. मी हवालदार, रिकव्हरी क्रूचा प्रमुख. अडकलेल्या गाड्या आमच्या गाडीवरच्या विंचच्या लोखंडी दोराने ओढून काढायच्या, हे आमचं काम. सोबत दोघे. ड्रायव्हर बलबीर हिमाचलचा, आणि लान्स नाईक जगदीश वैती मालाडच्या पश्चिमेकडच्या कोळीवाड्यातला. मी भांडुपचा.

जगदीश मला चिडवायचा. "उस्ताद, तुम्हा भांडुपवाल्यांना समुद्र बघायला सुट्टी काढावी लागते. तुम्हाला काय कळणार दोर?"

"मला गतीचे तीन नियम पाठ आहेत रे."

"पाठ आहेत ना? मग झकास. दोराला पण सांगून ठेवा."

ट्रेनिंगमध्ये ते नियम आम्हाला शिकवले होते. थांबलेली गाडी थांबूनच राहू पाहते. तिला जितक्या कमी वेळात वेग द्यायचा, तितकं जास्त बल लागतं. आणि आपण गाडीला जेवढं ओढतो, तेवढीच ती आपल्याला ओढते. जगदीशला हे शाळेच्या आधी समजलं होतं. त्यांच्याकडे बोट किनाऱ्यावर ओढताना ताणलेल्या दोरावर जुनं, ओलं जाळं टाकतात. दोर तुटलाच तर जाळ्याच्या वजनाने खाली बसतो. जाळं नसेल तर तो माणसाला कापतो. आणि दोराच्या रेषेत कोणी उभं राहत नाही, बोटीचा मालक असला तरी. फौजेचा नियमही तोच. फक्त जाळ्याऐवजी आम्ही दोन जाड घोंगड्या टाकायचो. त्या पसरायचं काम जगदीशचं. तो त्या आधी पाण्यात भिजवायचा.

त्या दिवशी 1410 वाजता वळणावर तोफगोळा पडला. रेशनचा ट्रक आडवा होऊन त्याचं पुढचं चाक नालीत गेलं. रस्ता बंद. ट्रकच्या ड्रायव्हरचा जबडा उडाला होता. आम्ही पोचलो तेव्हा तो स्टिअरिंगवर मेलेला होता. जगदीशने त्याला खाली काढून कडेला ठेवलं. ट्रकच्या पलीकडे एक अँब्युलन्स अडकली होती. तिच्यात पोटात छर्रे घुसलेला एक जवान होता.

रेडिओ वाजला. "रिकव्हरी, रोड कब खुलेगा? ओव्हर."

"बीस मिनट. ओव्हर."

"दस में करो. आउट."

अँब्युलन्समधला नर्सिंग असिस्टंट धावत आला. जवान थंडीने कुडकुडत होता, पांघरूण रक्ताने भिजलं होतं. मी दोन्ही घोंगड्या त्याला देऊन टाकल्या. त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही.

1422 ला पहिली ओढ. ट्रक थोडा उचलला आणि परत बसला. चाकापुढे दगड होता. दोर कुरकुरला.

"उस्ताद, थांबा. दोर बोलतोय," जगदीश म्हणाला. "दोन मिनिटं द्या. दगड काढतो, ट्रकची ताडपत्री फाडून दोरावर टाकतो."

तेवढ्यात खालच्या उतारावर दुसरा गोळा फुटला. दगडांचा मारा आमच्यावर आला. बलबीरच्या कपाळातून रक्त वाहू लागलं.

मी म्हणालो, "वेळ नाही."

"फक्त दोन मिनिटं, उस्ताद."

"ऑर्डर आहे. बलबीर, दोर ढीला छोड़. गाडी आगे मार. झटका दे."

दोन मिनिटांची सावकाश ओढ मी एका क्षणात कोंबली. त्याने दोरावर किती बल येतं, हे मला माहीत होतं. नियम मला पाठ होते, आणि पाठ असूनही मी ऑर्डर दिली. वर, चाक सुटतं का हे बघायला मी स्वतः दोराच्या रेषेत जाऊन उभा राहिलो.

जगदीश ओरडत आला. त्याने दोन्ही हातांनी माझ्या छातीवर धक्का दिला. मी नालीत पडलो. मला ढकलायला त्याला पाय रोवावे लागले, आणि ते त्याने मी उभा होतो तिथेच रोवले.

रायफलची गोळी सुटावी तसा आवाज झाला. दोर कमरेच्या वर त्याच्यातून आरपार गेला आणि मागच्या खडकावर आपटला. त्याचा उजवा हात काही वेळ उघडत-मिटत राहिला. मी तो धरला. तो थांबला तेव्हा 1426 झाले होते.

झटक्याने ट्रक हातभर सरकला होता. तेवढ्याने अँब्युलन्सपुरती वाट झाली आणि ती निघाली. जवान वाचला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सांगितलं, गोळ्याचा स्प्लिंटर लागून दोर तुटला. बलबीरने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि "जी, साहब" म्हणाला. कोळीवाड्याच्या नाक्यावर पाटी लागली, 'शत्रूच्या तोफमाऱ्यात वीरमरण'.

निवृत्तीनंतर मी मुलुंडच्या एका क्रेनवाल्याकडे नोकरी धरली. रोज दोर बघायचे. गेल्या वर्षी मला ते सहन होईना. मी जगदीशच्या आईकडे गेलो. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. मी तिला सगळं सांगितलं. घोंगड्या, झटका, इन्क्वायरीतलं खोटं. एवढंच लपवलं, की मी कुठे उभा होतो.

तिचे हात थांबले नाहीत. "म्हणजे दोरावर काय नव्हतं?"

"नाही, आई."

"आणि तो रेघेत हुता?"

"हो."

"नाय. चार वर्सांचा हुता, तवापासून त्याला ठावं. ताणलेल्या दोराच्या रेघेत माजा पोर उबा रानार नाय." तिने माझ्याकडे पाहिलं. "कोनाला काढाया गेलता?"

मी म्हणालो, "मला."

तिने टोपली खाली ठेवली. मला वाटलं, मारेल. मारावं असंच वाटत होतं.

"पाटी खोटी हाय तर," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. पन तू गावाला खरं सांग. बोटी वर घेतानी समदी किनाऱ्यावर असतात. तवा ये."

पावसाळ्यापूर्वी बोटी वर ओढायच्या दिवशी मी गेलो. सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं. एक म्हातारा माझ्यासमोर थुंकला. जगदीशचा चुलतभाऊ अंगावर धावून आला, त्याला दोघांनी धरलं. मग आईने एक जुनं, ओलं जाळं माझ्या हातात दिलं. "टाक," म्हणाली.

जाळं जड होतं. मी ते ताणलेल्या दोरावर पसरलं आणि बाजूला झालो. बोट सावकाश वर येऊ लागली. घाई कोणी केली नाही.

दोराच्या रेषेतली वाळू रिकामी होती. लान्स नाईक जगदीश वैती तिथे कधीच उभा राहिला नसता.