अंदाजाचं मीठ

पहिला घास घेतल्यावर अनघा मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. मग दुसरा भरला. मी ओट्यापाशी हात पुसत उभी होते. काय झालंय ते मला तेव्हाच कळलं.

"लताताई, मीठ किती घातलंत?"

"नेहमीच्या अंदाजानं."

"आणि चाखलं नाहीत?"

खरं उत्तर 'नाही' असंच होतं, आणि त्या 'नाही'चा मला एकोणीस वर्षं अभिमान होता.

कोळवण खोऱ्यात मॅडमचं फार्महाउस आहे. तिथलं स्वयंपाकघर सहा वर्षांपासून माझ्याकडे. शनिवार-रविवारी ते घर पाहुण्यांना भाड्यानं देतात. पिठलं-भाकरी, मटण, आंबेमोहोराचा भात, उकडीचे मोदक, काहीही सांगा. माझ्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठलेलं नाही. पण त्या आठवड्यात पुण्याचं एक कुटुंब मुलीच्या वाढदिवसाला येणार होतं. बारा माणसं, सगळी शाकाहारी. मुलीची मागणी एकच होती, मशरूमचा क्रीमवाला पांढरा पास्ता.

मॅडम स्पष्ट बोलतात. "माझ्या ओळखीत एक शेफ आहे. पण तो एका दिवसासाठी येणार नाही, कायमचा येईल. दोघांना ठेवणं मला जमणार नाही. म्हणून आधी तुमची ट्रायल घेते." गुरुवारी ट्रायल, शनिवारी पाहुणे. स्वयंपाकघर माझं राहणार की त्याचं होणार, ते एका पास्त्यावर ठरायचं होतं.

आता न चाखण्याचं सांगते. आमच्या घरी रोज देवाला नैवेद्य असतो. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, रांधताना चाखायचं न्हाई, उष्टं व्हतं. तेव्हापासून मी वासावर, रंगावर आणि चिमटीवर स्वयंपाक करते. नोकरीच्या ठिकाणीही तेच. पाहुणे विचारायचे, "चाखता नाही तरी इतकं बरोबर कसं?" मी नुसती हसायचे. आतून मात्र फुगायचे.

पास्त्यानं ती हवा काढली. कशी ते नीट सांगते, कारण घरी करणाऱ्यांची फजिती इथेच होते. भाजीत मीठ एकदाच पडतं, तुम्ही घालता तेवढं. पास्त्यात ते चारी वाटांनी येतं. उकळत्या पाण्यात मीठ असतं, बटर खारट असतं, चीज त्याहून खारट. सॉस सैल करायला तेच उकळलेलं पाणी परत घालायचं, म्हणजे त्यातूनही मीठच. वरून मी माझी सवयीची चिमूट टाकली होती. शिवाय पास्ता शिजला का ते मी बोटांनी दाबून पाहिलं. शितावरून भाताची परीक्षा आमच्या खोऱ्यात पोरीसोरींनाही येते. पण पास्ता बोटाला मऊ लागला म्हणजे उशीर झाला समजा. तो दातानंच बघावा लागतो.

"उद्या परत करा," मॅडम म्हणाल्या. "पण ती शेवटची."

घरी गेले ती तोंड पाडून. सासूबाई अंगणात पावटे सोलत होत्या. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांचाच आला होता. त्यांच्या शिकवणीपायी माझं काम जायची वेळ आली होती. मी सगळं भडाभडा सांगितलं.

त्यांनी हातातली शेंग पुरती सोलली. मग म्हणाल्या, "त्या पास्त्याचा निवद दावणार हायेस का?"

"न्हाई."

"मग चाख की! देवाला दावायचं त्ये चाखायचं न्हाई, येवढंच सांगितलं व्हतं. तू समदंच धरून बसलीस. लोकास्नी खारट घालतीस, आन् नाव माझं सांगतीस व्हय?"

एकोणीस वर्षांत मी हा एक प्रश्न त्यांना विचारला नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी चमचा घेऊनच उभी राहिले. मशरूम पाण्यात भिजत टाकली नाहीत, ती पाणी पितात. ओल्या फडक्यानं पुसून घेतली. पसरट कढईत मोठ्या आचेवर परतली. आधी ती भरपूर पाणी सोडतात. ते आटून कडा तांबूस होईपर्यंत मीठ घातलं नाही. मग लसूण, बटर, थोडा मैदा, दूध. चीज आणि क्रीम शेवटी, आच अगदी मंद करून, नाहीतर क्रीम फाटतं. आणि दर टप्प्याला डावातून थेंबभर चमच्यात घेऊन चाखलं, चमचा धुतला, पुढे गेले. पहिल्यांदा चोरी केल्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा मजा यायला लागली. पास्ता दाताखाली जरासा अडला तेव्हाच उतरवला, कारण सॉसमध्ये तो आणखी शिजतो. वरून ती सवयीची चिमूट टाकलीच नाही.

मॅडमनी पहिला घास घेतला. पाण्याचा ग्लास तसाच राहिला. त्यांनी बशी संपवली, कडेचा सॉस बोटानं पुसून घेतला आणि मोबाइल उचलला. "त्या शेफला नको म्हणून कळवते," म्हणाल्या.

शनिवारी पाहुण्यांमधल्या आजी केक कापायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "बाई, देवापुढे ठेवायला न चाखलेलं काही आहे का हो?"

एरवी मी ताठ मानेनं सगळी पातेली दाखवली असती. त्या दिवशी म्हटलं, "शिरा आहे, आजी. त्याला कुणी तोंड लावलेलं नाही. पास्ता मात्र मी पाच वेळा चाखलाय."

आजी हसल्या. "मग तो नक्कीच चांगला झाला असणार."

शिरा देवापुढे गेला. पास्ता बारा जणांनी खाल्ला. वाढदिवसाच्या मुलीनं तीनदा घेतला आणि आजींनी दोनदा. एका बाईंनी विचारलं, "शेफ कुठले आहेत?" मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. मी पदराला हात पुसले आणि म्हटलं, "हितलीच हाय मी." इतका अभिमान मला मोदकांनीही कधी दिला नव्हता.

एक डबा मी आधीच बाजूला काढून ठेवला होता, सासूबाईंसाठी. त्यांनी डब्यात डोकावून बघितलं, एक अळंबी उचलून उलटसुलट केली आणि मग सगळा डबा संपवला.

"मीठ बरोबर हाय," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून माझ्या स्वयंपाकाला मिळालेली ही पहिली शाबासकी. मी खूश होऊन डबा उचलायला वाकले, तर पुढचं आलं. "आता निवद काढून ठिवला की आमटी बी चाखत जा. ती रोज अळणीच आसती."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू कवा इचारलंस?"

तेव्हापासून आमच्या ओट्यावर दोन पातेली असतात, एक लहान आणि एक मोठं. लहानात मीठ अंदाजानं पडतं, ते देवाचं. देव तक्रार करत नाही. मोठ्यातलं माणसं खातात, आणि तिथे चमचा लागतो.