घशातला ख

पक्षाघातानंतर बाबांच्या तोंडून ओळखू येईल असा पहिला शब्द निघाला, ते एका डच सायकलपटूचं आडनाव होतं. माझं नाव त्यानंतर अकरा दिवसांनी आलं. मी दिवस मोजले होते.

बाबा व्याकरणाचे अध्यापक. सबंध नोकरी त्यांनी बडोद्यातल्या अकोट्याच्या पुलावरून सायकलने जात-येत केली आणि निवृत्तीनंतर दुपारभर टीव्हीवर युरोपातल्या शर्यती पाहिल्या. घाट लागला की सगळ्यांना मागे टाकून एकटाच वर जाणारा तो डच स्वार त्यांचा विशेष लाडका.

वाचा-उपचारासाठी घरी येणारी गुजराती मुलगी म्हणाली, "ताई, काकांना जे गमे, आवडे ना, तेच बोलायला लावा. पण हसत-खेळत हं."

हसत-खेळत शिकवणं आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना एकदा पाहुणे जेवायला होते आणि मी चमचा मागितला, तो शाळेतल्या गुजराती मैत्रिणी म्हणत तसा, चहातला च लावून. बाबा हसले. "बडोद्यात राहून हिची जीभ भाड्याने गेली," ते पाहुण्यांना म्हणाले, आणि माझा चमचा त्यांनी आपल्या ताटाशी ठेवून घेतला. नीट म्हटल्याशिवाय तो मिळणार नव्हता. बोटांनी खायची मुभा नव्हती. वाटीतून केशराचा वास येत होता. पाहुणे माझे च ऐकत जेवत होते. अखेर जमला तेव्हा श्रीखंडाला पाणी सुटलं होतं. "शाब्बास," बाबा म्हणाले.

आता रिमोट माझ्या मांडीवर होता.

त्या आडनावाचं पहिलं अक्षर रोमन जी. इंग्रजी समालोचक त्याचा ग करत. बाबा मात्र ख म्हणत, तोही ओला, खरबरीत, पातेल्याच्या बुडाला लागलेला भात कालथ्याने खरवडावा तसा. तो मला आजाराचा आवाज वाटला.

"ग, बाबा. गवतातला ग. म्हणा."

"ख्..."

"एवढ्या पिढ्यांचे उच्चार सुधारलेत. स्वतःला एक ग येईना?"

ओठाच्या उतरलेल्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबली. मी ती लगेच पुसली नाही. टीव्हीच्या काळ्या काचेत आम्ही दोघं बसलेलो दिसत होतो, आणि कुठेतरी शर्यत आमच्यावाचून चालली होती.

असे सहा दिवस गेले. बाबा रोज वेळेआधी खुर्चीत येऊन बसत, डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवत, आणि वाट पाहत. ख म्हणत. टीव्ही बंद राही.

सातव्या सकाळी मला वाटलं, बोलता येत नाही तर लिहायला लावू. त्यातही चूक सापडेल. कोरी वही शोधताना त्यांच्या कपाटात एक भरलेली वही हाती लागली. आजारापूर्वीचं ते बारीक, ताठ अक्षर. एका बाजूला स्वारांची नावं रोमन लिपीत, शेजारी देवनागरीत. लाडक्याच्या नावापुढे टीप होती: 'ग नव्हे. ख, पण जिभेच्या मुळाशी घासून. समालोचक चुकतात. मुलाखतीत तो स्वतः असाच म्हणतो.'

म्हणजे पहिल्या दिवसापासून बाबा बरोबर होते.

मी वही होती तशी ठेवली. डांबरगोळ्यांचा वास बोटांना लागला तो साबणानेही गेला नाही.

त्या दुपारी शर्यतीतला शेवटचा घाट होता. बाबा येऊन बसले. त्यांनी हात मांडीवर ठेवून घेतला. मी रिमोट उचलला. तो तसाच त्यांच्या हाती देता आला असता.

"ग," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. घरात, वर्गात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही ज्यांनी एक अशुद्ध अक्षर खपवून घेतलं नाही, त्यांनी मग स्वच्छ, कोरडा, घोटीव ग उच्चारला आणि ते आडनाव अखेरपर्यंत समालोचकांसारखं म्हणून दाखवलं. कुठेही अडखळले नाहीत. तो ग त्यांना केव्हाही म्हणता आला असता.

"शाब्बास," मी म्हणाले.

रिमोट त्यांनी डाव्या हातात घेतला. टीव्ही लावला, आणि लगेच त्याचा आवाज बंद केला.