भाचीचा दीर आणि ‘कु.’

जगात कुठलीच गोष्ट आपोआप बिघडत नाही, असं देवावर ठेवावी तशा श्रद्धेनं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या भाचीचा दीर निघाला. ‘आपोआप’ हा शब्द त्याच्यासमोर काढायची सोय नव्हती. भाची एकदा म्हणाली, “दूध आपोआप उतू गेलं,” तर हा गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, “वहिनी, आपोआप फक्त केस पिकतात.” याच्या स्वतःच्या लग्नात, नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या कार्यालयात, ऐन मंगलाष्टकांत वीज गेली. मुंडावळ्या बांधलेला हा नवरदेव पाटावरून उतरला आणि कुठला कूलर कुठल्या बोर्डावर लावलाय ते तपासत फिरला. कारण सापडलं, मुहूर्त टळला. नवरीकडच्यांनी अजून माफ केलेलं नाही.

पेशानं तो संगणक दुरुस्त करणारा, पण वागणं वैद्याचं. मशीनच्या खोलीत चपला काढून जायचा, हळू बोलायचा आणि पहिला तासभर कशालाही हात लावायचा नाही. पंख्याचा आवाज ऐकत वहीत पेन्सिलीनं वेळा टिपायचा. कुणी म्हणालं, “साहेब, बंद करून चालू करा ना,” की म्हणायचा, “मेलेल्याला उठवायची घाई नको. कशानं मेला ते आधी बघू.”

मी चौथीपर्यंत शिकलेला. देवळ्याहून नाशकात आलो आणि एका कॉलेजात शिपाई म्हणून सगळी उमर मान ताठ ठेवून काढली. माझ्या शेवटच्या वर्षांत तिथं सर्व्हर आला. म्हणजे प्रवेशाच्या नऊ खिडक्यांवरच्या संगणकांना माहिती पुरवणारं एक मोठं मशीन. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे. प्रवेशाची गर्दी उसळली की ते मशीन कोसळायचं. बाहेर पोरं आणि पालक उन्हात, आत हेडक्लार्कबाई कपाळाला हात लावून. दोनदा कोसळलं तेव्हा मी नेमका त्या खोलीत फरशी पुसत होतो. झालं! “मामाच पुसताना पिन काढतात,” असं बाईंनी प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्य म्हणाले, “तसं निघालं तर मामांना घरी बसवावं लागेल.” आणि दुरुस्तीला बोलावला तो आमचाच पाहुणा.

मला वाटलं, नातं कामाला येईल. तर हा मला बाजूला घेऊन म्हणतो, “मामा, तुम्ही पिन काढत असाल तर आत्ताच सांगा. रिपोर्टात मी खोटं लिहिणार नाही.”

“खोटं बोलायची मला सवय नाय. तुझ्याकडे शिकवणी लावावी लागंल,” मी म्हणालो, आणि दोन दिवस त्याला पाणीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं वही मिटली, प्राचार्यांसकट सगळ्यांना जमवलं, मशीनच्या खोलीला कुलूप घालून किल्ली बाईंच्या हातात दिली आणि मला अंगणातल्या टोलाखाली उभं केलं. “मामा टोल देतील. टोल पडला की नऊही खिडक्यांनी एकदम मुलांची नावं शोधायची.” मी टोल दिला. मशीन चाललं. “आता मुलींची.” मी दुसरा टोल दिला. त्याचा आवाज विरायच्या आत नऊच्या नऊ पडदे थिजले. मी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, हातात हातोडी घेऊन उन्हात उभा. बाईंनी किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “मामा, चुकलं माझं,” म्हणाल्या.

कारण निघालं ‘कु.’ आमच्याकडे मुलीच्या नावाआधी कुमारीचं ‘कु.’ घालत, मुलांचं नुसतं नाव. एक-दोन अक्षरं पडताच मशीन शोधायला धावायचं, आणि ‘कु.’ पडलं की तिथं शिकून गेलेली एकूण एक मुलगी गोळा करायला लागायचं. तेही नऊ खिडक्यांसाठी एकाच वेळी. कुणीही कोसळलं असतं! त्यानं ‘कु.’ला निराळा रकाना करून दिला, आणि मशीन पुन्हा पडलं नाही. रिपोर्टात स्वच्छ लिहिलं : यात शिपायाचा काही दोष नाही.

मला मात्र अन्न गोड लागेना. मशीनमध्ये पहिल्यांदा नावं भरली जात होती तेव्हा क्लार्क पोरींना मीच दटावलं होतं, “बाईमाणसाचं नाव असं उघडं लिहितात का? मान द्या. कु. घाला.” शेवटी त्याच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं. वाटलं, हसून सोडून देईल. त्यानं चष्मा लावला. “बरं झालं सांगितलंत, मामा. रिपोर्ट अपुरा राहिला होता.” आणि माझ्यादेखत खाली एक ओळ वाढवली : ‘कु.’ लिहिण्याची पद्धत सदर शिपायाने, मुलींना मान मिळावा या हेतूने, घालून दिली होती.

मी रागानं तसाच उठून आलो. प्राचार्यांनी ते वाचलं, मला कुणी चकार शब्द बोललं नाही, आणि मी माझ्या तारखेला, माझ्या पायांनी, हार गळ्यात घालून निवृत्त झालो. तो पुढे बंगळूरला गेला आणि तिकडेच रमला. भाचीकडून खुशाली कळते. त्या कागदाची एक नक्कल मी मागून घेतली होती. अक्षरं लावत लावत कधीमधी वाचतो. माझ्याबद्दल आयुष्यात कुणी लिहिल्या असतील तर एवढ्या दोनच ओळी. दोन्ही खऱ्या. दुसरी मला पहिलीपेक्षा जास्त आवडते, हे त्याला सांगायचं मात्र राहून गेलं.