गाळातलं घर आणि माझा नकाशा

आमचं घर दोनदा बुडालं. पहिल्यांदा जायकवाडीच्या धरणात आणि दुसऱ्यांदा माझ्या बादलीत.

पहिल्या बुडण्यात माझा काही हात नव्हता, मी तेव्हा दुसरीत होतो. पैठणला गोदावरी अडवली, पाणी मागं मागं सरकत आलं आणि आमचं गाव उठलं. लोकांनी दारं, चौकटी, तुळया, जे उचलेल ते बैलगाडीत घातलं आणि वर माळावर नवं गाव वसवलं. आम्ही पुढं तिथूनही उठलो आणि शहरात आलो. जुन्या घराची म्हणून एकच खूण आमच्याकडे उरली. एक फोटो.

तो पोलीस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी काढलेला. गयाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरी आली होती, म्हणून आजोबांनी थेट शहरातल्या लष्करी छावणीतून फोटोग्राफर बोलावला होता. मागं घराची ओसरी आणि दार. पुढं फेटा बांधलेले आजोबा, लुगड्यातली आत्या, आणि एका हातानं चड्डी सावरत उभे असलेले आबा, म्हणजे माझे वडील. (आबा आज ब्याऐंशी वर्षांचे आहेत, पण कॅमेरा दिसला की त्यांचा हात अजून कमरेकडं जातो.)

हा फोटो आता नीट जपून ठेवला पाहिजे, असं एका रविवारी माझ्या मनात आलं. आमच्या घरातली एखादी वस्तू बरी चालू असली की मला ती जपावीशी वाटते. (याआधी मी मिक्सर, आबांचा रेडिओ आणि सासूबाईंचं भिंतीवरचं घड्याळ जपलेलं आहे. तिन्ही माळ्यावर आहेत.) मी फ्रेम उघडली. इतक्या वर्षांच्या ओलीनं फोटो काचेला चिकटून बसला होता. मी तो हलकेच ओढला. हलकेच म्हणजे, मला हलकेच वाटलं तेवढा. टर्रकन आवाज झाला, माणसं माझ्या हातात आली आणि घर काचेवर राहिलं!

इथं शहाणा माणूस थांबला असता. मी काच कोमट पाण्याच्या बादलीत टाकली. घर आपोआप सुटून वर येईल, असा माझा अंदाज होता. अर्ध्या तासानं पाहिलं तर काच स्वच्छ. इतकी स्वच्छ की दुकानातून आणली तेव्हाही नसेल.

"अहो, बादलीत काय आहे?" सुनंदानं, माझ्या बायकोनं, विचारलं.

"घर."

"कोणाचं?"

"आबांचं."

ती खाली बसली. बादलीत करड्या रंगाचं पाणी होतं आणि त्यावर ओसरीचा एक बारीकसा तुकडा फिरत होता. आधी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवायचा होता, असं तिनं सुचवलं. (नंतर सुचवणाऱ्यांची आमच्याकडे कधीच कमतरता नव्हती.) आबा आले, बादलीत डोकावले आणि म्हणाले, "सरकारनं बुडवलं तवा निदान नोटीस तरी दिली होती."

त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तर मिठाकडं बोट दाखवायचे, आणि तेही सुनंदाकडं बघून.

नवव्या दिवशी आत्याचा फोन आला. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, उन्हाळा संपत आला होता आणि धरणाचं पाणी तळाला गेलं होतं.

"दिगू, जुनं गाव उघडं पडलंय म्हनं. मारुतीचं देऊळ दिसायलंय. मला घेऊन चल. घराच्या जाग्यावर हुबं राहू, फोटो काढू. मी शहाऐंशीची झाले रे. पुढच्या बारीला पानी खाली जाईस्तोवर मी वर गेलेली असंन."

आबांनी ऐकलं आणि आठ दिवसांचं मौन सोडलं. "मास्तर, घर नाय तर घराची जागा तरी फोटोत आना. पाऊस पडायच्या आत."

मी शाळेत भूगोल शिकवतो. तेव्हा नकाशा काढायची जबाबदारी माझ्यावर आली, म्हणजे मी ती घेतली. चार संध्याकाळी बसून आठवणीतून अख्खं गाव काढलं. मारुतीचं देऊळ, पार, विहीर, आणि देवळाच्या बरोबर पूर्वेला आमचं घर. वर बाणानं उत्तर दिशा दाखवली, खाली प्रमाणही लिहिलं. 'एक सेंटिमीटर बरोबर साधारण बरंच.'

सकाळी जीप केली. निघेपर्यंत नऊ, पैठण रस्त्यावर आत्याला उसाचा रस प्यायचा होता तिथं दहा, आणि काठावर पोहोचेपर्यंत दुपार. पुढं गाडी जाईना. भेगाळलेला गाळ, अधूनमधून कोवळं गवत, त्यावर चरणारी मेंढरं. लांब, पाण्याच्या जवळ, मारुतीचं काळं देऊळ गुडघाभर गाळात उभं होतं. आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून सुनंदा छत्री धरून तिला हळूहळू मागून आणणार होती. आबा आणि मी नकाशा घेऊन पुढं.

देवळात मूर्ती नव्हती, ती कधीच नव्या गावात नेलेली. पण दार होतं, आणि मला दारच हवं होतं.

"आबा, मारुती दक्षिणमुखी असतो. म्हणजे हे दार दक्षिणेला. दारातून बाहेर पाहिलं की डावा हात पूर्वेला. चला डावीकडं!"

"आपला मारुती..." आबा पुटपुटले.

"आबा, मी हे शिकवतो."

"मग ठीके."

(दिशा ठरवायला आकाशात सूर्य नावाची एक सोय असते. पण मे महिन्यात भर दुपारी तो बरोबर डोक्यावर असतो. हेही मी शिकवतो.)

डावीकडं शंभरेक पावलांवर जोतं निघालं! दगडी, चौकोनी, आणि त्याला अखंड दगडाचा घसघशीत उंबरा. आबा थबकले. त्यांना मोतीबिंदू आहे, पण त्या क्षणी त्यांना सगळं लख्ख दिसायला लागलं.

"दिगू, ही ओसरी. हितं बापूंची, तुझ्या आजोबांची बैठक. ही आतली खोली, मी हितंच जन्मलो बघ. आन् ही चुलीची जागा."

आता खोटं कशाला बोलू, मलाही आठवायला लागलं. त्या कोपऱ्यातल्या दगडावर मी पडलो होतो आणि माझा गुडघा फुटला होता. मी पँट वर करून व्रण पाहिला. दगडाची धार आणि व्रण तंतोतंत जुळत होते!

आबांनी पिशवीतून हळदकुंकू, नारळ, गूळखोबरं काढलं. उंबऱ्यावर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग ते वाकले, कपाळ उंबऱ्याला टेकवलं आणि रडू लागले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहत होतो. हातात फोन होता म्हणून निभावलं. पुढून, बाजूनं, गुडघ्यावर बसून, मी चाळीस फोटो काढले. त्यातला सर्वांत चांगला लगेच भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला. 'आमच्या घराचा उंबरा सापडला! आबा नतमस्तक!' (आमच्या घरात खिडकीबाहेर लोंबकळल्याशिवाय न मिळणारी रेंज त्या गाळात मात्र भरपूर होती.)

तेवढ्यात छत्री येऊन पोहोचली.

"काय करायलास रे नामा?" आत्यानं विचारलं.

"अक्का, घर! आपला उंबरा!" आबा डोळे पुसत म्हणाले.

आत्यानं उंबऱ्याकडं पाहिलं. मग आबांकडं. मग, उगाचच, माझ्याकडं.

"आपला उंबरा तर तू गाव उठताना गाडीत घालून नेला होतास. नव्या गावात न्हानीपुढं टाकला. तुझ्या बायकोच्या बाळंतपणाला आले तवा मी त्याच्यावर तीन महिनं धुनं धुतलं. तो हितं चालत आला व्हय?"

आबा उंबऱ्यावरून टुणकन उठले. "मग हे कुनाचं?"

"रंगनाथरावाचं," मागून आवाज आला. भिवा धनगर. आबांच्याच बरोबरीचा, जुन्या गावातलाच. काठीवर हनुवटी टेकून तो मघापासून मेंढरांसोबत उभा होता. "मला वाटलं, मिटलं वाटतं दोघांचं."

इथं सांगायला हवं. रंगनाथकाका म्हणजे आबांचे चुलतभाऊ. त्यांचा गोठा आमच्या घराला लागून होता, त्याच्या पन्हाळीचं पाणी आमच्या अंगणात पडायचं, त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं ते धरणाच्याही आधी. पुढं ती पन्हाळ, ते अंगण, सगळं गाव वीस हात पाण्याखाली गेलं, भांडण मात्र कोरडं राहिलं. शहरात काका आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. दोघं सकाळी एकाच बागेत फिरायला जातात आणि एकाच दिशेनं फिरतात, म्हणजे तोंड समोर येत नाही.

त्या रंगनाथाच्या उंबऱ्यावर आबांनी नारळ फोडला होता!

"भिवा, तू बघत व्हतास ना? मग बोलला कामून नाय?" आबा कडाडले.

"बोलनार व्हतो. पर तुमी रडायला लागलात. रडत्या मान्साला कसं आडवावं?" भिवा म्हणाला आणि खोबऱ्यासाठी हात पुढं केला. सुनंदानं दिलं. "तुमचं घर तिकडं. मारुतीच्या नाकासमोर."

"पण मारुती दक्षिणमुखी..." मी म्हणालो.

"आपला मारुती उगवतीला बघतो," आत्या म्हणाली. "आंघोळ करून दारात आलं की मी थेट त्याला हात जोडायची, मान वळवायचं काम नव्हतं. मास्तर कुनी केलं रे तुला?"

मी घाईघाईनं फोन काढला. फोटो पुसून टाकावा म्हटलं, तर तेवीस जणांनी पाहिला होता आणि रंगनाथकाकांच्या सुरेशनं त्याखाली हात जोडलेले होते.

मारुतीच्या नाकासमोर पाणी होतं. घोटाभर, मातकट, लांबवर पसरलेलं. ना जोतं, ना दगड. आबा काठावर उभे राहून बघत राहिले. "हितं काय फोटो काढनार?" ते इतक्या हळू म्हणाले, की मला त्यापेक्षा त्यांचं न बोलणं परवडलं असतं.

आत्यानं मात्र चपला काढल्या, लुगडं वर खोचलं, सुनंदाचा खांदा धरला आणि सरळ पाण्यात उतरली. पाय घासत चार पावलं इकडं, चार तिकडं. आम्ही ओरडतोय, "आत्या, पडशील!" आणि ती आपली तळव्यांनी जमीन चाचपतेय. एकाएकी तिचा डावा पाय नडगीपर्यंत खाली गेला.

"आत्या!"

"वरडू नको. उखळ हाय." तिनं पाय बाहेर काढलाच नाही. "जमिनीत बसवलेलं, म्हनून कुनी उपटून नेलं नाय. डाव्या अंगाला चिरलेलं हाय बघ, मपल्या हातूनच चिरलं व्हतं. आईनं दोन दिवस बोलनं टाकलं व्हतं माझ्याशी. ये नामा, हितं ये."

आबा पाण्यात उतरले. वाकून त्यांनी उखळात हात घातला, चीर चाचपली आणि हात तसाच राहू दिला. यावेळी ते रडले नाहीत. भिवाही काही बोलला नाही, म्हणजे जागा बरोबर असावी.

"काढ आता फोटो," आत्या म्हणाली. "आन् नामा, चड्डी सावरू नको, धोतर हाय."

चाळीस फोटोंनी माझ्या फोनची बॅटरी संपत आणली होती. एक फोटो निघाला आणि फोन बंद पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरचा फोन वाजला. सुनंदानं उचलला, ऐकलं आणि काही न बोलता आबांपुढं धरला. पलीकडं रंगनाथकाका. एवढ्या वर्षांनी काय बोलतात म्हणून मी शेजारीच कान देऊन उभा राहिलो. (कर्तव्य म्हणून.)

"तुझा उंबरा चांगलाय अजून," आबाच आधी म्हणाले. "नेला नाय व्हय तू?"

"कसा नेणार? तुझ्याकडं चार माणसं होती, मी एकटा. हलला नाय."

"मग हाक मारायची."

"बोलणं बंद होतं ना आपलं."

आबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, मीही बाजू बदलली.

"नामा, आमच्याकडं घराचा एकबी फोटो नाय रे. तो तुझा मोठा करून लावू का भिंतीला?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं.

"लाव," आबा म्हणाले. "पर नारळ माझा हाय, सांग लोकांना."

तर आता रंगनाथकाकांच्या बैठकीत भला मोठा फोटो आहे. जोतं स्पष्ट, उंबरा स्पष्ट, मागं मारुतीचं देऊळ, आणि उंबऱ्यावर डोकं टेकलेले आमचे आबा. आमच्या बैठकीत त्याच्या निम्मा फोटो आहे. अफाट पाणी, त्यात पाय बुडवून उभी असलेली दोन म्हातारी माणसं, आणि त्यातल्या एकीच्या चेहऱ्यावर इतकं हसू की दातांची कवळी निसटायच्या बेतात. येणारा प्रत्येक जण विचारतो, "आबा, कुठल्या समुद्रावर गेला होतात?"

"घरी," आबा म्हणतात.

संध्याकाळी ते अधूनमधून काकांकडं चहाला जातात. परवा मीही गेलो होतो. काकांकडं पाहुणे आलेले. त्यातल्या एकानं फोटो निरखून पाहिला आणि वरच्या कोपऱ्यातल्या गोल, तांबूस, धूसर डागावर बोट ठेवलं.

"हा काय, सूर्य आलाय का वर?"

"छे हो," काका म्हणाले. "तो आमचा दिगू. कॅमेऱ्यापुढं त्याचा अंगठा आलाय."

पाहुण्यानं अदबीनं मला नमस्कार केला. मीही केला. अख्ख्या भाऊकीत भिंतीवर लागलेला माझा तेवढाच एक फोटो आहे.