दोनच शब्द

माणसाचे कार्य मृत्यूनंतरही संपत नाही, असे थोर लोक सांगून गेले आहेत. आमच्या गल्लीतल्या साहेबांचे कार्य तर मृत्यूनंतरच सुरू होत असे. मृत्यू फक्त दुसऱ्याचा लागे.

चिता पेटली की मंडळी मोक्षधामाच्या पायऱ्यांवर टेकत. मग साहेब उठत, छत्रीची मूठ तोंडासमोर धरत, तिच्यावर बोटाने टकटक करत आणि म्हणत, "मी दोनच शब्द बोलतो." छत्रीत माईक नसतो हे त्यांना ठाऊक होते. पण टकटक केल्याशिवाय त्यांचा आवाज सुटत नसे.

आमच्या वऱ्हाडात शोकसभा घाटावरच होते. पुण्याकडच्या पाहुण्यांना याचे नवल वाटते. वास्तविक सोय चांगली आहे. कवटी फुटेपर्यंत घरी जाता येत नाही, चहा मिळत नाही आणि मोबाइल बघणे बरे दिसत नाही. वक्त्याला याहून चांगले श्रोते सापडणे कठीण. दोन-चार जणांनी बोलायचे, शेवटी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायचे आणि हातपाय धुऊन घरी जायचे. ही दोन मिनिटे साहेब स्वतःच्या घड्याळावर मोजत. त्यांचे दोन शब्द अर्धा तास चालत आणि दोन मिनिटे अर्ध्या मिनिटात संपत.

साहेब पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. धारणीहून निवृत्त झाले आणि राजापेठेच्या मागे, आमच्या गल्लीत घर बांधून राहायला आले. नोकरीत असताना उद्घाटन असो, वृक्षारोपण असो, कोणाचा निरोप समारंभ असो, साहेबांचे भाषण ठरलेले. "एकाच खड्ड्यात मी तीनदा झाड लावलं," ते एकदा मला म्हणाले. "खड्डा तोच, भाषण तेच. झाड मात्र दर वेळी नवीन होतं."

निवृत्तीनंतर महिनाभर ते मनसोक्त झोपले. त्यानंतर त्यांच्या लक्षात आले की आपल्याला कोणी उठवायलाही येत नाही.

मग ते नोकरी शोधू लागले. पेन्शन पुरेशी होती. प्रश्न सकाळी अकराचा होता. अकरा वाजता इस्त्रीचा सफारी घालून माणसाने जायचे कुठे? राजापेठेतल्या एका शिकवणी वर्गाच्या मालकाने त्यांना आदराने बसवून घेतले आणि विचारले, "सर, तुम्ही पोरं किती आणून द्याल?" अकोल्याच्या एका शिक्षणसंस्थेत मुलाखतीला गेले, तर समोर संचालकांचा मुलगा. त्याने विचारले, "काका, कॉम्प्युटर येतो?"

"माझ्या हाताखाली एक होता, त्याला येत होता," साहेब म्हणाले.

"कळवतो," मुलगा म्हणाला. हे उत्तर साहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांना दिले होते. त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

साहेबांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, मला फाटकाशी गाठले. "भाऊ, यायले कुठं तरी नेत जा. सकायपासून कुकरच्या शिट्ट्यायले सूचना देऊन राह्यले. मी म्हटलं, घरात श्रोता एकच हाये, अन् तिले दाय फोडनीले टाकाची हाये."

तेव्हा मी त्यांना मैतीला नेऊ लागलो. माझा उद्देश एवढाच होता की अकरा वाजता त्यांना कुठेतरी जायला मिळावे. पहिल्याच दिवशी शोकसभेला कोणी उठेना, म्हणून साहेब उठले. मंडळी सुटल्यासारखी झाली. आपल्याला बोलावे लागत नाही म्हटल्यावर लोक कोणाचेही भाषण ऐकतात. साहेबांचा सफारी पुन्हा इस्त्रीला जाऊ लागला.

मग गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर वारले. साहेब बोलायला उभे राहिले. "अत्यंत मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख..." जीभ सरळ जुन्या चाकोरीने चालू लागली. धारणीच्या कचेरीत कितीतरी बाबूंना निरोप देऊन ही चाकोरी चांगली खोल झालेली. समेवर येत साहेब म्हणाले, "मी त्यांच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा देतो आणि माझे दोन शब्द संपवतो."

मागे बसलेल्या दोघांनी सवयीने टाळ्याही वाजवल्या.

पोस्टमास्तरांचा मुलगा ओल्या पंच्यावर उठून आला. ओरडला नाही. "काका," तो म्हणाला, "आता यापुढं कोनाच्याच मैतीत बोलू नका."

साहेब त्यानंतर कुठे बोलले नाहीत. मैतीला गेलेच नाहीत. अकरा वाजता ओसरीतल्या खुर्चीत बसून राहत. कुकरलाही काही सांगत नसत, आणि वहिनींना त्याचीच जास्त भीती वाटू लागली. "बोलतात तं ताप, अन् बोलत नाई तं घोर," त्या म्हणाल्या.

असे दोन-अडीच महिने गेले असतील. राजापेठेच्या चौकात एक बाई संत्री विकायला बसत. माल शेंदूरजनाघाटचा, जीभ त्यांची स्वतःची. त्या वारल्या. सकाळीच त्यांची मुलगी साहेबांच्या दारात उभी. आईसोबत दुकानावर बसणारी, तिशीतली. योगायोगाने मी तिथेच होतो.

"साहेब, मायच्या मैतीले या. दोन शब्द बोलजा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मग तिच्याकडे. "मागच्या वेळी काय झालं, तुला माहीत नाही का?"

"माईत हाये ना. मायनंच सांगतलं. लय हासली ते. येईन त्या गिऱ्हाइकाले सांगे का पोस्टमास्तर पुढच्या वाटचालीले लागले म्हनून." हे सांगताना तिला हसू आले आणि लगेच रडूही आले. "आमच्यात बोलनारं कोनी नाई, साहेब. मोठ्या मानसायच्या मैतीत सारेच बोलतात."

साहेब आत गेले. मला वाटले सफारी घालायला गेले. परत आले ते घरातल्याच कपड्यांत, हातात छत्री.

मैत निघायला वेळ होता. मुलीचा धाकटा भाऊ सुरतेहून यायचा होता. अशा वेळी माणसे मागवलेल्या खुर्च्यांवर बसून रस्त्याकडे बघत राहतात. साहेब फळांचा एक रिकामा क्रेट पालथा घालून मुलीजवळ बसले. अशा प्रसंगी सगळे विचारतात की कशाने गेल्या. साहेबांनी विचारले, "तुझी आई कशावरून चिडायची?"

"आंबट संत्रावरून," ती म्हणाली. "गिऱ्हाईक इचारे, गोड हाय का? गोड असले तं माय काईच नाई बोले. आंबट असले का सांगे, आंबट हाये, घ्याचे असन तं घ्या. मंग गिऱ्हाईक निंघून जाय, अन् माय त्याच्यावर चिडे. म्हने, खरं सांगतलं तं कावून चालला? मी म्हनो, अवं माय, तू सांगतच कावून? तं मले शिव्या दे."

साहेब ऐकत होते. त्यांना इतका वेळ दुसऱ्याचे ऐकताना मी प्रथमच पाहत होतो.

घाटावर मोजकी माणसे. मुलगीही आली होती, भावासोबत. साहेबांनी छत्रीच्या मुठीवर टकटक केली, पण तिला तोंडाजवळ धरायचे विसरले.

"मी दोनच शब्द बोलतो," ते म्हणाले. "या बाईंनी आंबट संत्र्याला कधी गोड म्हटलं नाही. मी नोकरीत असताना रोज म्हणत होतो."

आणि ते बसले. पुढे आणखी काही येणार म्हणून लोक वाट पाहत राहिले. आले नाही. मुलगी ओढणीने डोळे पुसत हसत होती.

त्या दिवसापासून साहेबांना बोलावणी येऊ लागली. आधी चौकातल्या भाजीवाल्यांकडून, मग बौद्ध विहाराजवळच्या वस्तीतून, मग एकदा चक्क पोस्टमास्तरांच्या त्या मुलाकडून, त्याच्या सासऱ्यांसाठी. साहेब आधी घरी जात, पाहुणे पोचेपर्यंतच्या त्या रिकाम्या वेळात कोणाजवळ तरी बसत आणि विचारत, "कशावरून चिडायचे?" माणूस कशावर खूश होई हे घरचे सजवून सांगतात, चिडण्याचे मात्र खरे सांगतात, असा त्यांचा अनुभव होता. लोकांना आपले मृत असे परत मिळू लागले. कोणी पंखा चालू राहिला म्हणून चिडणारा, कोणी पोळी गार वाढली म्हणून. माणसे घाटावर हसत. भाषण हळूहळू पुन्हा लांबू लागले, हेही सांगायला हवे. स्वभावाला औषध नाही.

याच काळात अकोल्याच्या संस्थेतून फोन आला. कार्यालय अधीक्षकाची जागा होती, कॉम्प्युटरची अट काढली होती. साहेब घाईत होते. "कळवतो," म्हणाले आणि चपला घालून निघाले. कळवायचे राहूनच गेले.

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले, दुपारच्या झोपेतच. संत्र्यांचा हंगाम भरात होता.

घाटावर गर्दी झाली. पायऱ्या पुरल्या नाहीत. चिता पेटली, मंडळी टेकली आणि सवयीने सगळे एका दिशेला बघू लागले. तिथे कोणी नव्हते. त्यांच्या कचेरीतले एक निवृत्त अधिकारी घसा साफ करू लागले, तेवढ्यात संत्रावाल्या बाईंची मुलगी उठली. माझ्या हातात साहेबांची छत्री होती. ती तिने घेतली आणि मुठीवर टकटक केली.

"साहेब पह्यले लय बोर करत," ती म्हणाली. "आंबटले आंबटच म्हना लागते. मंग चांगले बोलाले लागले. माह्या घरी येऊन क्रेटवर बसले होते. मीनं आज वहिनीले इचारलं, साहेब कशावरून चिडत? तं वहिनी म्हने, आता आता चिडाले त्यायले टाईमच नोता." ती चितेकडे वळली. "साहेबायले पुढच्या वाटचालीले शुभेच्छा."

सगळ्यांत आधी वहिनी हसल्या, पदर तोंडाला लावून. मग बाकीच्यांनी हसायला हरकत नव्हती.

नंतर आम्ही दोन मिनिटांसाठी स्तब्ध उभे राहिलो. घड्याळ बघायचे काम नेहमी साहेबांचे, त्यामुळे संपली असे कोणी म्हणेना. बराच वेळ गेला. अखेर मोक्षधामाचा चौकीदार येऊन म्हणाला, "टाकीतलं पानी संपून राह्यलं. हातपाय धुऊन घ्या." तेव्हा आम्ही हललो.