कावेरीबाई आणि शाळेचा ढोल

कावेरीबाई कोणतीही वस्तू घेण्याआधी वाजवून बघत. तीर्थपुरीच्या बाजारात माठ तर सगळ्याच बायका वाजवून घेतात. पण बाई पाटी वाजवत, लाकडी पेटी वाजवत. एकदा शाळेसाठी नवी खुर्ची आली, तर त्यांनी ती उलटी करून तिच्यावर बोटांनी ठेका धरला आणि मला म्हणाल्या, "मालती, हिचा एक पाय ढिला आहे. आधी ऐकावं, मंग बसावं." सुतार हिरमुसला, पण पाय ठोकून द्यावाच लागला.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. तीर्थपुरीत मुलींची शाळा नव्यानं निघाली होती आणि तिथं आम्ही दोघीच शिक्षिका. बाई जालन्याच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. उंच, काळ्यासावळ्या, चालताना पदर कमरेला खोचलेला. लग्न केलेलं नव्हतं. कुणी कारण विचारलंच तर शांतपणे सांगत, "वेळ मिळाला न्हाई."

शाळा एका जुन्या वाड्यात भरायची. एके दिवशी तिथल्या अडगळीत त्यांना एक मोठा ढोल आणि दोन लहान ड्रम सापडले. लाकूड ठणठणीत होतं, कातडी मात्र उंदरांनी खाल्लेली. बाईंनी ते अंगणात आणून पुसले. पंधरा ऑगस्टला अंबडला तालुक्याच्या सगळ्या शाळांचं संचलन व्हायचं. मुलांच्या शाळा बँड घेऊन जात, आमच्या मुली नुसत्या रांगेत चालत. "या वर्षी आपल्या पोरी वाजवत जातील," बाई म्हणाल्या. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मुलींनी टिपऱ्या खेळाव्यात, बाई. ढोल गळ्यात बरा दिसत नाही." बाई म्हणाल्या, "दिसायला न्हाई, ऐकायला या."

हलग्या मढवणारा सखाराम गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहायचा. शाळेतली शिक्षिका त्या वस्तीत जाईल, असं कुणाच्या मनातही नव्हतं. कावेरीबाई मला घेऊन भर दुपारी गेल्या. सखारामनं बकऱ्यांची वाळवलेली कातडी पुढं टाकली. बाई एकेक उचलून उन्हासमोर धरत. कुठं सुरीचा ओरखडा आहे, कुठं पातळ झालंय, ते उजेडात कळायचं. एक कातडं पांढरंशुभ्र आणि तलम होतं. सखाराम म्हणाला, "हे घ्या बाई. घंटीवानी वाजतंय."

"वाजंल, पण किती दिवस? माझ्या पोरी रोज बडवणार." त्यांनी म्हाताऱ्या बोकडाचं जाड, ओबडधोबड कातडं बाजूला काढलं. "हे मढवा. आणि वरून रोगणाचा हात द्या. बैलगाडीच्या चाकांना देतात तसा."

सखारामला ते पटेना. "रोगणानं आवाज बसतोय, बाई."

"बसू द्या थोडा. ऑगस्टात पाऊस राहतो. आपला ढोल पावसात वाजला पाहिजे."

दोघांचा बराच वेळ वाद झाला, बरोबरीच्या माणसांचा होतो तसा. ऊन कडक होतं. बाईंनी पाणी मागितलं. सखारामची बायको घुटमळली, तेव्हा त्या म्हणाल्या, "का हो, पाणी न्हाई का घरात?" मग तिनं तांब्या दिला आणि बाई घटाघटा प्यायल्या. मीही प्यायले, पण आधी रस्त्यावरून कुणी बघत नाही ना, ते पाहिलं. दारात त्यांची मुलगी रुक्मिणी एका फुटक्या डब्यावर ठेका धरून बसली होती. बाई तिकडं कान देऊन थांबल्या.

"ही शाळेत का येत न्हाई?"

"कोण बसू देतंय, बाई?" सखाराम म्हणाला.

"मी."

दुसऱ्या दिवशी रुक्मिणी वर्गात पुढच्या रांगेत बसली. चार दिवसांनी ढोल आणि ड्रमही मढवून आले. आठ दिवसांत बाईंना राहती खोली सोडावी लागली. घरमालकांनी वाईट शब्द काही काढला नाही, "आमच्या घरात देवधर्म आहे," एवढंच म्हणाले. बाईंनी वळकटी आणि स्टोव्ह उचलून शाळेच्या मागच्या खोलीत नेला. पण खरा घाव पुढं बसला. एकेक करून मुली शाळेत यायच्या थांबल्या. पटावर नावं होती, वर्गात रुक्मिणी आणि दोन-चार जणी. अध्यक्ष येऊन सांगून गेले, की असंच राहिलं तर शाळा बंद होईल.

मी घाबरले. बाईंना म्हटलं, घरोघर जाऊन समजावू या. त्या म्हणाल्या, "समजावून कुणी आलं, तर तेवढ्यापुरतंच येईल." त्यांनी रुक्मिणीच्या गळ्यात मोठा ढोल घातला, एक ड्रम स्वतः घेतला, आणि रोज सकाळी शाळेच्या अंगणात सराव सुरू केला. तो आवाज खरोखरच थोडा बसका होता, पण लांबवर जायचा. पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग कुंपणाबाहेर वेण्या दिसू लागल्या. मग एक मुलगी आत आली, तिच्यामागून दुसरी. बाईंनी कुणालाच काही विचारलं नाही, फक्त रांगेत जागा दाखवली. एक शेतकरी बाप मुलीचा हात धरून आला आणि खाली मान घालून म्हणाला, "घरात ताटं बडवून राह्यली, बाई. जेवून न्हाई राह्यली. घ्या तुमच्याकडं." काही मुली कधीच परत आल्या नाहीत. त्यांची नावं बाई हजेरीत वर्षभर पुकारत राहिल्या.

पंधरा ऑगस्टला अंबडला सकाळपासून पावसाची झड होती. मैदानात चिखल झालेला. इतर शाळांचे ड्रम ओले होऊन सैल पडले होते. पोरं जीव तोडून मारत होती, पण नुसता फदफद आवाज यायचा. आमची पाळी आली. बाईंनी छत्री मिटून माझ्या हातात दिली आणि मुलींच्या पुढं उभ्या राहिल्या. रुक्मिणीनं पहिला ठोका दिला. तो मैदानाच्या पार टोकापर्यंत गेला. पावसात, भिजलेल्या परकरांनी, आमच्या मुली एका लयीत चालत गेल्या, आणि त्यांच्यामागून निघालेल्या मुलांच्या शाळाही नकळत आमच्याच ठेक्यावर पाय टाकू लागल्या. अभिमानानं माणसाची छाती दुखते, हे मला तेव्हा कळलं.

लिंबाखाली सखाराम डोक्यावर पोतं घेऊन उभा होता. मी जवळ जाऊन विचारलं, "कसा वाटला ढोल?" त्याची नजर हलली नाही. म्हणाला, "थांबा बाई, ऐकून राह्यलो."

पुढं बाईंची बदली झाली, मग मीही दुसऱ्या गावी गेले. बऱ्याच वर्षांनी कळलं की त्या जालन्याला भावाकडं अंथरुणाला खिळल्यात. भेटायला गेले तेव्हा खूप वाळल्या होत्या, आवाज मात्र तोच. मी सांगितलं, रुक्मिणी शिकून मास्तरीण झाली. आपल्याच शाळेत लागलीय, मुलींचा बँड तीच बसवते.

"कातडं कोणतं घेते?" त्यांनी विचारलं.

"जाडच. पण रोगण तुमच्यासारखं देत नाही. म्हणते, बाईंनी एकदम थापायला लावलं होतं, म्हणून आवाज बसायचा. ती फडक्यानं पातळ पातळ हात देते, वाळवून वाळवून. आता पावसातही वाजतो आणि आवाजही खुला राहतो."

मला वाटलं, त्या काहीतरी बाजू मांडतील. पण त्यांनी भावाला हाक मारली. तो दारात आला, तेव्हा माझ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "दादा, ही काय सांगते ते ऐक. माझ्या पोरीनं माझी चूक काढली." आणि मला म्हणाल्या, "सांग गं, पुन्हा सांग त्याला. सगळं पहिल्यापासून सांग."