राईतला गुळाचा खडा

महिनाभर धान्य बंद, डाळी बंद, दूध बंद, साखर-गूळ बंद. फक्त भाज्या, फळं, अंडी, मासे आणि मटण. आमच्या रनिंग ग्रुपमधल्या सगळ्यांनीच हे डोक्यात घेतलं होतं, म्हणून मीही फ्रिजवर तक्ता चिकटवला. दोन आठवडे नवऱ्याच्या ताटातल्या वरणभाताकडे चोरासारखी बघत होते. पळताना पाय जड होतायत म्हटलं, की ग्रुपवर उत्तर यायचं, "शरीर सवय करून घेतंय." मी मूर्खासारखी मान डोलवायचे.

त्या रविवारी सकाळी आमच्या सिल्व्हर पार्कहून पळत राई गावापर्यंत गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. एका घराच्या ओट्यावर एक बाई सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारीच मी बसकण मारली आणि पाणी मागितलं. त्यांनी तांब्याबरोबर बशीत गुळाचा खडा आणला.

"नको मावशी, गूळ बंद केलाय मी."

"शुगर हाय काय तुला?"

"नाही."

"मंग? नुसता पानी आमी कोनाला देत न्हाय."

खडा तोंडात टाकला, वर पाणी प्यायले. दुसरा मी स्वतःहून मागितला. थोड्या वेळाने रस्ता पुन्हा नीट दिसायला लागला आणि इतकं हलकं वाटलं, की हसूच फुटलं. शरीर कसलीही सवय करून घेत नव्हतं. मला दोन आठवडे सरळसरळ भूक लागली होती.

घरी आल्यावर बूटसुद्धा काढले नाहीत. दारातूनच नवऱ्याला ओरडून सांगितलं, "भात दोघांचा लाव!"